एका शतांशाचं मुसळ

मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला आमच्या उपनगरातल्या पार्कात बॅटांची झडती होते. शिकागोच्या पश्चिमेला तासाभरावर राहणारी, दिवसभर विजेच्या तारा ओढणारी, विम्याचे हप्ते काढणारी आणि माझ्यासारखी दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी वीस माणसं इथे खेळायला जमतात. मोसमाच्या शेवटी जिंकणाऱ्यांना एक टी-शर्ट मिळतो, तोही सगळ्यांना एकाच मापाचा. पण झडती अशी, की मुंबईच्या विमानतळावर सोनं घेऊन उतरलोय असं वाटावं. अंपायर कुंपणाला टेकवलेली एकेक बॅट उचलतो, कानाशी नेऊन हलवतो, आत काही खुळखुळतंय का ते ऐकतो, मग चष्मा कपाळावर सरकवून मुठीच्या वरच्या निमुळत्या भागावरचा शिक्का वाचतो. पसंत पडलेली बॅट उजवीकडे, नापसंत डावीकडे. आपण पोरीच्या बापासारखे शेजारी उभे.

सात वर्षांपूर्वी माझी बॅट डावीकडे गेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"१.२१ आहे," तो म्हणाला.

"मग?"

"इथे १.२० लागतो."

मी महाराष्ट्रात शिकलोय. ५९.९९ टक्क्यांवर फर्स्ट क्लास हुकलेला एक मामा आमच्या घरात आहे आणि चाळीस वर्षं झाली तरी लग्नाकार्यात कुणी ना कुणी तो विषय काढतंच. एका शतांशानं माणसाचं काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. बॅटचंही तेच होतं हे मात्र नव्यानं कळलं.

ही बॅट मी एका गॅरेज सेलमध्ये साठ डॉलरला घेतली होती. दुकानात तिच्या जातीच्या बॅटला तीनशेच्या वर पडतात. विकणारे आजोबा सत्तरीचे, घरदार आवरून फ्लोरिडाला निघालेले. पैसे मोजून घेताना ते म्हणाले, "सांभाळून वापर हो." मला वाटलं, बॅट सांभाळायला सांगताहेत.

आपल्याकडे सॉफ्टबॉल म्हटलं की शालेय स्पर्धा, जिल्हा संघ आणि दहावीचे क्रीडागुण आठवतात. अमेरिकेतला हा मंगळवारचा सॉफ्टबॉल निराळा. याला म्हणायचं स्लो-पिच. चेंडू १२ इंच घेराचा, नागपुरी संत्र्याचा थोरला भाऊ. तो खालून, हळू आणि उंच उडवून टाकायचा. कमान किती उंच हवी यालाही नियम. चेंडू इतक्या सावकाश खाली येतो, की वाटेत त्याची ख्यालीखुशाली विचारून होते. क्षेत्ररक्षक नऊऐवजी दहा. पोटं सुटलेल्या माणसांना मैदान जरा दाट भरलेलं बरं, असा त्यामागे विचार असावा. आमच्या ऑफिसच्या टीमला दहावा माणूस कमी पडत होता. मी भारतातला, म्हणजे क्रिकेट खेळलेला असणार, म्हणजे चेंडू मारता येत असणार, अशा तीन पायऱ्यांच्या तर्कानं मला घेतलं. त्यातली पहिली पायरी तेवढी पक्की होती.

सांगलीला आमच्या गल्लीत बॅटबद्दल एकच नियम होता: ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. आणि तो आउट झाला की घरी जाणार, बॅटसकट. म्हणून तो शक्यतो आउट होत नसे. बॅट नसली तर धुण्याचं धोपाटणं चालायचं, फळी चालायची. तिच्यावर शिक्का असलाच तर चहाच्या खोक्याचा. एवढ्या कायद्यावर आम्ही दहा वर्षं काढली आणि एकही वाद कोर्टात गेला नाही.

बॅट डावीकडे गेल्याच्या रात्री मी नियम वाचायला बसलो आणि दीड वाजता उठलो. एवढ्या वेळात मी घराच्या कर्जाची कागदपत्रंही वाचली नव्हती. कळलं ते असं, की अमेरिकेत सॉफ्टबॉलची एक संस्था नाही. संस्थाच संस्था आहेत आणि त्यातल्या दोन फार जुन्या. एक ओक्लाहोमा सिटीची एएसए, १९३३ सालची, जिनं २०१७ मध्ये यूएसए सॉफ्टबॉल असं नाव घेतलं. दुसरी यूएसएसएसए, १९६८ची. तिचं नाव मुळात स्लो-पिचवरूनच होतं; पुढे इतर खेळ आले तेव्हा लांबलचक नाव बदललं, पण आद्याक्षरं तीच राहतील अशा बेतानं. लेटरहेड वाया जाऊ न देण्याची ही वृत्ती मला अगदी सदाशिव पेठेतली वाटली.

या दोघींचं बॅटबाबत कधी पटलेलं नाही. एक म्हणते, बॅटला लागून चेंडू किती वेगानं सुटतो ते मोजा. २००४च्या शिक्क्यापासून तिची मर्यादा ताशी ९८ मैल. दुसरी म्हणते, वेगाचं सोडा, चेंडू घट्ट भिंतीवर आपटून जेवढा उसळतो त्याच्या तुलनेत बॅटवरून किती उसळतो ते बघा. वीस टक्के जास्त इतपत ठीक, म्हणजे १.२०. शिवाय चेंडूही दोघींचे निरनिराळे, कुणाचा कडक, कुणाचा मऊ, आणि एकीचा चेंडू दुसरीच्या बॅटनं मारला तर बॅट तडकायची भीती. आमच्या आजोळी दाते पंचांग आणि शेजारच्या घरी टिळक पंचांग होतं. एखाद्या वर्षी आमचा गणपती बसायचा तेव्हा त्यांचा अधिक महिना चालू असायचा. मधल्या भिंतीवरून मोदक मात्र इकडून तिकडे जायचे. इथे ती सोय नाही. मंगळवारच्या लीगची बॅट गुरुवारच्या लीगमध्ये काढलीत तर तुम्ही आउट.

शिक्का असला म्हणजे भागलं असंही नाही. यूएसए सॉफ्टबॉल शिक्के देते, तशी तिच्याकडे नामंजूर बॅटांची एक यादीही आहे. अंगावर शिक्का हवा आणि यादीत नाव नको. शिक्केही एकाच सालचे नाहीत: २०००चा एक, २००४चा एक, २०१३चा एक. तिकडे यूएसएसएसएनं अंगठ्याच्या ठशाच्या आकाराचा शिक्का काढला. तो लोकांच्या डोळ्यांत बसतोय तोवर २४० आकड्याचा नवा आला. या आकड्याचा संबंध बॅटची भिंत किती पौंडाला दबते याच्याशी आहे. जुनी बॅट तीच, मारणारा तोच, सुटलेलं पोट तेच. बदलतो तो ठसा. आमच्या शॉर्टस्टॉपनं आठ वर्षांत चार बॅटा घेतल्या. त्याच्या बायकोला तो सांगतो, की त्या सरकारी नियमानं घ्याव्या लागतात.

आईला मी फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तीनशे डॉलरचं मुसळ घेतलंस आणि ते केरात गेलं." साठ डॉलरचं, मी दुरुस्ती केली. त्यानं तिचं समाधान झाल्याचं जाणवलं नाही.

खरं तर तिचा शब्द इतिहासाला धरून होता. या खेळाचा जन्म शिकागोतलाच, १८८७च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, फॅरागट बोट क्लबमध्ये. येल आणि हार्वर्ड यांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला मंडळी जमली होती. येल जिंकल्याचं कळताच एकानं आनंदाच्या भरात बॉक्सिंगचा हातमोजा भिरकावला आणि दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांना हे पाहून कल्पना सुचली. त्यांनी मोजा दोरीनं आवळून चेंडू केला, जमिनीवर खडूनं चौकोन आखला आणि बॅट म्हणून घेतला झाडूचा दांडा. सामना ४१-४० असा संपला म्हणतात. त्या दांड्यावर कुणाचा शिक्का होता याची नोंद नाही.

गाडी घसरली ती नंतर. १९७०च्या सुमाराला अ‍ॅल्युमिनियमची बॅट आली. लाकडाची मोडायची, ही मोडत नाही, एवढ्याच साध्या कौतुकानं लोकांनी ती घेतली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ती पोकळ आहे. पोकळ म्हणजे पातळ भिंतीची, आणि पातळ भिंत म्हणजे दबून परत उसळणारी. जमिनीवर उडी मारा आणि सुंभाच्या बाजेवर मारा, तोच फरक. आपल्याला वाटतं बॅट चेंडूला जोर देते; प्रत्यक्षात कडक दांडक्यावर आपटल्यावर चेंडू स्वतःच चपटा होतो आणि त्याचा बराच दम त्यात जातो. भिंत जरा दबली तर चेंडू कमी चेपतो, दम वाचतो. हे उमगल्यावर इंजिनिअर लोक मोकळे सुटले. १९९३च्या सुमाराला टायटॅनियमची बॅट आली. ती इतकी गुणी निघाली, की तिच्यावर लगोलग बंदी आली. मग रे डीमॅरिनी या माणसानं भिंतीच्या आत भिंत घालून दुहेरी बॅट काढली. मग कार्बनच्या धाग्यांची कॉम्पोझिट आली. दर खेपेला बॅट पुढे आणि नियम मागे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, फक्त इथे दरवर्षी नवी वरात.

या घोड्याला पळवण्याचं काम विद्वान मंडळी करतात. वॉशिंग्टन राज्यात पुलमन नावाचं गहू पिकवणाऱ्या टेकड्यांतलं गाव आहे. तिथल्या विद्यापीठात लॉइड स्मिथ या प्राध्यापकांची प्रयोगशाळा आहे, आणि तिच्यात हवेच्या तोफेतून बॅटवर चेंडू झाडून त्यांची परीक्षा होते. माणूस नाही, मैदान नाही, शिवीगाळ नाही. तोफ, बॅट आणि वेग मोजणारे दिवे. मला हे ठाऊक असतं तर बी.ई.नंतर मी वेगळी वाट धरली असती. आयुष्यात दुसऱ्याच्या बॅटला तोफेच्या तोंडी देऊन वर पगार घेण्याइतकं सुख कुठे आहे?

पण कॉम्पोझिट बॅटनं तोफेलाही चकवलं. तिचं बिडाच्या तव्यासारखं आहे. नवा तवा डोसा सोडत नाही. वापरून वापरून मुरला की डोसा नुसता सरकतो. ही बॅट कारखान्यातून निघते तेव्हा अगदी सोज्वळ असते. चारपाचशे फटके खाल्ले, आतले धागे सैल झाले, की उसळू लागते. म्हणजे जन्मतः कायद्यात आणि वयात आल्यावर कायद्याबाहेर. मग लोकांना वाटलं, चारपाचशे फटक्यांची तरी वाट कशाला पाहा? त्यांनी बॅट दोन रुळांमध्ये घालून दाबायला सुरुवात केली. आमच्या भागात गुऱ्हाळात चरक असतो, त्यात ऊस घालतात तसं. हे काम पोस्टानं करून देणारी माणसं आहेत. बॅट पाठवा, पैसे पाठवा, चरकातून काढलेली बॅट परत. त्याच्या पुढचे लोक बॅट लेथवर लावून आतून खरवडतात आणि भिंत आणखी पातळ करतात. त्याच्याही पुढचे बंदी घातलेल्या बॅटला साध्यासुध्या मंजूर बॅटचा रंग देतात. साठ वर्षांच्या, नातवंडं असलेल्या, रविवारी चर्चमध्ये वर्गणीचं ताट फिरवणाऱ्या माणसानं शनिवारी गॅरेजचं दार लावून घेऊन बॅट रंगवावी, हे मला मानवजातीबद्दल फार काही सांगून जातं. पकडलं गेलं तर तो फटका बाद, आणि मैदानाबाहेरही काढतात.

म्हणून मोठ्या स्पर्धांत बॅट दाबून बघायचं यंत्र असतं. पोटाला बॅट चेपायची आणि काटा किती पौंडावर जातो ते वाचायचं. आकडा कमी आला म्हणजे बॅट मऊ, म्हणजे जास्त उसळणार, म्हणजे नापास. जत्रेत बैल घेताना खांद्यावर थापा मारून पाहतात तसा मुखभाव करून अंपायर उभा असतो. आमच्या मंगळवारी हे यंत्र नाही. आमचा अंपायर अंगठ्यानं दाबून बघतो. त्यानं काय कळतं ते तोच जाणे, पण तो दाबतो तेव्हा सगळे गप्प असतात.

आता कुणी म्हणेल, मारू द्या की, काय बिघडतं? बिघडतं ते चेंडू टाकणाऱ्या पिचरचं. त्याच्यात आणि बॅटरमध्ये अंतर पन्नास फूट. ताशी ९८ मैलांनी चेंडू सरळ त्याच्याकडे आला तर हातात सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि तेवढ्यात चाळिशीच्या माणसाला फार तर "अरे" म्हणता येतं. आमचा पिचर दंतवैद्य आहे. तो जाळीचा मुखवटा घातल्याशिवाय उभा राहत नाही. एकेका दाताचा भाव त्याला तोंडपाठ आहे. नियमांची मी कितीही टिंगल केली तरी त्याच्या जाळीवरचा तो पोचा पाहिला, की माझा आवाज खाली येतो.

मला कळत नाही ते वेगळंच. आमच्या लीगमध्ये होमरनला मर्यादा आहे. एका सामन्यात एका संघाला तीन. चौथ्यांदा चेंडू कुंपणापलीकडे गेला तर तो आउट. अशी मर्यादा इथल्या बहुतेक हौशी लीगमध्ये असते. काही ठिकाणी तर एकही चालत नाही. म्हणजे माणूस तीनशे डॉलर मोजतो, चरकातून बॅट काढतो, यादीत नाव नाही ना ते बघतो, देवाचं नाव घेऊन चेंडू कुंपणापार धाडतो, आणि बाद होऊन बाकावर येऊन बसतो. येताना मात्र त्याच्या चेहऱ्यावर जे तेज असतं, ते शतक काढून आलेल्याच्याही नसतं. एकदा आमच्या विमा एजंटानं शेवटच्या डावात असा चौथा होमरन मारला. आम्ही एका धावेनं हरलो. तो अजून त्या चेंडूबद्दल बोलतो, सामन्याबद्दल नाही.

टीममधले लोक मला म्हणतात, तुमच्या क्रिकेटमध्ये बरं आहे, लाकडाची फळी, भानगड नाही. मी त्यांना १७७१ सालची गोष्ट सांगतो. थॉमस व्हाइट नावाचा खेळाडू हॅम्बल्डन क्लबविरुद्ध यष्ट्यांइतकी रुंद बॅट घेऊन उतरला. हॅम्बल्डनच्या मंडळींनी तक्रार केली आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली, ती आजतागायत. मग १९७९ची डेनिस लिलीची पर्थमधली अ‍ॅल्युमिनियमची बॅट. ती बदलायला लावली तेव्हा त्यानं ती मैदानात भिरकावली. मग २०१७ साली बॅटची कड चाळीस मिलिमीटरच्या आत हवी असा नियम झाला. एवढं ऐकून ते म्हणतात, "म्हणजे तुमचे लोकही असेच." मला त्या वेळी देशाची मान उंचावल्यासारखं वाटतं.

शिकागोतल्या जुन्या लोकांना ही सगळी कटकटच मंजूर नाही. ते १६ इंची चेंडूनं खेळतात, हातमोजे न घालता. चेंडू उशीसारखा, त्याला टायटॅनियमनं मारा नाहीतर लाटण्यानं, तो जायचा तेवढाच जातो. तिथे शिक्का बॅटवर नसतो. पूर्वी खेळलेला माणूस बोटांवरून ओळखू येतो, एकही सरळ नसतं.

मी माझी बॅट तळघरात नेऊन ठेवली, कारण त्या रात्री दीड वाजता मला आणखी एक गोष्ट सापडली होती. पन्नाशीपुढच्यांच्या सॉफ्टबॉलची संस्था आहे, सीनियर सॉफ्टबॉल-यूएसए. तिच्याकडे मर्यादा १.२१. जगात सगळीकडे वय वाढलं की मनाई वाढते: मीठ कमी, साखर बंद, जिना जपून. इथे पन्नाशी उलटली की तरुणांना न मिळणारी बॅट हातात देतात. म्हाताऱ्यांचा हात हळू फिरतो, तर बॅटनं थोडं सांभाळून घ्यावं, असा हिशेब. गॅरेज सेलमधले आजोबा काय सांभाळायला सांगत होते, ते मला तेव्हा उमगलं.

त्रेचाळिसाव्या वर्षी मी ती बॅट राष्ट्रीय बचत पत्रासारखी ठेवून दिली. मुदत सात वर्षं. दिवाळीला बाहेर काढून पुसायचो. बायको विचारायची, "अरे, हिला ओवाळायचं का?" इतर लोक पन्नाशीला घाबरतात. मी ऑफिसात वय विचारलं तर महिने सांगायचो. वर मंगळवारी १.२०चे शिक्के बदलत राहिले, ठशावर ठसे आले. तळघरात माझी १.२१ निवांत पिकत होती.

यंदा एप्रिलच्या नऊ तारखेला मी पन्नास वर्षांचा झालो आणि अकराला सीनियर लीगच्या पहिल्या सामन्याला हजर झालो. अंपायर अठ्ठ्याहत्तरचा. त्यानं माझी बॅट घेतली, शिक्का हाताच्या अंतरावर धरून वाचला, मग जवळ धरून वाचला, आणि उजवीकडे ठेवली. माझे डोळे भरून आले. वाऱ्यामुळेही असतील, कारण मिशिगन सरोवरावरून तो सुरीसारखा येत होता.

तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचे आजोबा जवळ आले. त्यांच्या हातात काळपट पडलेली अ‍ॅल्युमिनियमची जुनी बॅट होती. "आज ती काढू नकोस," ते माझ्या बॅटकडे बघून म्हणाले. "साठ फॅरनहाइटच्या खाली कॉम्पोझिट तडकते. कंपनीवाले स्वतःच सांगतात. आज ४४ आहे." मी त्यांना विचारलं, साठच्या वर कधी जाईल? "मेच्या शेवटी," ते म्हणाले. "तेव्हा मी गुडघ्याच्या ऑपरेशनला असेन, माझी जागा घे."

सहाव्या डावात बायकोचा फोन आला तेव्हा मी गाडीत हीटर लावून बसलो होतो.

"खेळून झालं?"

"नाही अजून. सामना चालू आहे."

"मग गाडीत काय करतोयस?"

बॅट माझ्या मांडीवर होती. तिच्याभोवती मी माझा मफलर गुंडाळला होता.

"हिला थंडी वाजतेय," मी म्हणालो.